पद्मिनीचं इंजिन घरच्या शेडमध्ये : आधी मोजा, मग भाव सांगा

या आठवड्याच्या व्हिडिओत इंजिन उघडताना दाखवलं, पण हिशोबाचा भाग घाईत गेला. तो इथे सविस्तर लिहितोय. घरामागे पत्र्याचं शेड टाकून गॅरेज चालवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, बारामतीत आहेत, इंदापूरला आहेत, मधल्या वाडीवस्तीवरही आहेत. हा लेख त्यांच्यासाठी. ज्यांना हौस म्हणून स्वतःच्या गाडीचं इंजिन बांधायचंय त्यांनीही वाचा, कारण पैसे त्यांचेही जातात, फक्त ते लिहून ठेवत नाहीत.

आपल्या एका प्रशिक्षणार्थ्याची गोष्ट सांगतो. नाव नको. माणूस हाताचा चांगला, पंधरा वर्षं गाड्यांचं काम. त्याच्याकडे एका बागायतदाराची प्रीमियर पद्मिनी आली. वडिलांची गाडी, गोठ्याशेजारी लिंबाखाली कित्येक वर्षं उभी. मुलाच्या लग्नात नवरदेव हिच्यातूनच न्यायचा, असं घरात ठरलेलं. ‘‘दादा, इंजिन कितीला बांधून द्याल?’’ यानं बॉनेट उघडलं, डिपस्टिक बघितली, आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं : ‘‘पस्तीस हजार, सगळं धरून.’’

तुम्हीही असंच सांगता ना? हरकत नाही, बहुतेक जण असंच सांगतात. आता पुढे काय झालं ते बघा.

सुटे भाग आणि लेथचं काम मिळून 26,000 गेले. उरले 9,000. इंजिन उतरवणं, खोलणं, धुणं, लेथवाल्याकडे हेलपाटे, जुळवणी, परत बसवणं, ट्यूनिंग असे त्याचे 68 तास लागले होते. म्हणजे तासाला 132 रुपये. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ब्लॉक मोजल्यावर कळलं की तो आधीच शेवटच्या मापापर्यंत बोअर झालेला. पुढचं पिस्टनच नाही. चारही सिलिंडरला स्लीव्ह घालाव्या लागल्या, आणखी 8,000. हातात राहिले एक हजार. भागिले 68. तासाला पंधरा रुपयेही नाहीत.

आणि गिऱ्हाईकाकडे जास्त मागायला तोंड नाही, कारण ‘‘सगळं धरून’’ हे शब्द त्याचेच होते.

ही गाडी आपल्या भागाला परकी नाही

बारामतीहून इंदापूरला निघालं की भवानीनगर, लासुर्णे मागे टाकल्यावर वालचंदनगरचा फाटा येतो. ज्या वालचंद हिराचंद यांच्या नावानं ते गाव आहे, त्यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. गाड्या बनायच्या मुंबईत कुर्ल्याला. सुरुवात अमेरिकन गाड्यांपासून, मग फियाट. 1964 ला 1100 डिलाइट आली, पुढे तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली, आणि 1974 पासून पद्मिनी. वालचंद शेठ 1953 लाच गेले, त्यामुळे पद्मिनी हे नाव त्यांनी पाहिलं नाही. पण सोलापुरात जन्मलेल्या, इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभारलेल्या माणसाच्या कंपनीची ही गाडी आहे. गिऱ्हाईकाला हे सांगा. त्याला आवडतं, आणि तुम्हालाही गाडी माहीत आहे हे त्याला कळतं.

धंद्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नावं बदलत गेली तरी पेट्रोल इंजिन मुळात तेच राहिलं. चार सिलिंडर, 68 मिलिमीटर बोअर, 75 मिलिमीटर स्ट्रोक, 1089 सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, क्रॅंकला तीन मेन बेअरिंग, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. दुसरं म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या. हजारो गाड्या रोज धावत होत्या म्हणून पार्ट बनत होते. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. मोठं गिऱ्हाईक गेलं की माल बनवणारेही हळूहळू हात आखडता घेतात. म्हणून आज पार्ट ‘‘मिळतात’’ आणि ‘‘माझ्या हातात आहेत’’ यातला फरक भाव सांगताना धरायला लागतो.

नव्वदच्या दशकात डिझेल पद्मिनीही निघाली होती, 137डी. तिचं इंजिन पूर्ण वेगळं. फोनवर कुणी नुसतं ‘‘पद्मिनी आहे’’ म्हणालं तर आधी पेट्रोल की डिझेल ते विचारा.

न खोलता काय कळतं

इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली हवी, आणि चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहायचे. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर गेलंय. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर बहुतेक त्या दोघांमधलं गॅस्केट फुटलेलं असतं.

गाडी बरीच वर्षं बंद असेल तर मात्र लगेच सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, एक-दोन दिवस ठेवा, मग पुलीवर पाना लावून हातानं फिरवून बघा. रिंग चिकटलेल्या असताना जोरानं फिरवलं तर जे वाचलं असतं तेही जातं.

मोजणी हेच पहिलं विकायचं काम

आता मुद्द्यावर येतो. भाव दोन टप्प्यांत सांगायचा. पहिला टप्पा ‘‘उघडून मोजणी’’. याचे पैसे ठरलेले, आगाऊ, आणि पुढच्या कामातून वजा न होणारे. दुसरा टप्पा प्रत्यक्ष बांधणी. त्याचा आकडा मोजणीचा कागद हातात आल्यावरच.

काही जण म्हणतात, मोजणीचे पैसे अंतिम बिलातून वजा करा, गिऱ्हाईक खूष होतं. मला पटत नाही. ते तुमचे एकोणीस-वीस तास आहेत. ते फुकट दिले की गिऱ्हाईकाला वाटतं खोलणं म्हणजे काही कामच नाही. त्यापेक्षा मोजणीचा कागद सहीशिक्क्यानिशी द्या. तो घेऊन तो दुसऱ्याकडे गेला तरी चालेल.

त्या कागदावर काय असतं? प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजायचा. चार सिलिंडर, चोवीस आकडे. बोअर गेज नसेल तर लेथवाल्याकडून मोजून घ्या, त्याचे पैसे याच टप्प्यात धरा. वर जास्त, खाली कमी आलं तर टेपर. आडवं-उभं वेगळं आलं तर बोअर अंडाकृती झालंय. क्रॅंकचे मेन आणि कनेक्टिंग रॉडचे जर्नल मायक्रोमीटरनं मोजा, आधी ग्राइंडिंग झालंय का ते जुन्या बेअरिंगच्या पाठीवरच्या शिक्क्यावरूनही कळतं. तसंच पिस्टनच्या डोक्यावर माप असतं. आपल्या प्रशिक्षणार्थ्यानं हेड उतरवून कार्बन खरवडून तेवढं जरी वाचलं असतं तरी स्लीव्हचं प्रकरण त्याच दिवशी कळलं असतं. गंमत म्हणजे हे त्याला माहीत होतं. फक्त भाव आधी सांगून झालेला होता.

हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून फिलर गेज घाला. ॲल्युमिनियमचं हेड एकदा जरी तापलं असेल तर वाकलेलं असण्याची शक्यता मोठी. पाण्याच्या वाटा कुजल्यात का तेही बघा. बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलेलं असतं आपल्याकडे.

आणि शेडमधली एक अडचण : ऊसतोडीच्या हंगामात काजळी आणि धूळ उडते, ती उघड्या ब्लॉकवर बसते. जुळवणीचं काम त्या दिवसांत करायचंच असेल तर एका कोपऱ्याला प्लास्टिकचा पडदा लावा आणि प्रत्येक वेळी ब्लॉक झाकून उठा. बोअरमध्ये गेलेली बारीक धूळ रिंगबरोबर पॉलिश पेपरसारखं काम करते.

तासाचा भाव कसा काढायचा

त्याच माणसाबरोबर आम्ही नंतर वही घेऊन बसलो. घरखर्चाला 30,000, अर्धवेळ मदतनीस 8,000, वीज, फोन, हत्यारांची झीज 4,000. महिन्याला 42,000. कामाचे दिवस 26, पण चहा, गप्पा, ‘‘जरा बघून सांगा’’वाले हे सगळं वजा केलं तर दिवसाला खरे साडेसहा तास. म्हणजे 169 तास. भागाकार केला तर तासाला साधारण 250. यात नफा शून्य. म्हणून 300 धरा.

68 तासांचे 20,400. सुटे भाग, लेथ आणि स्लीव्ह 34,000. बेरीज 54,400. त्यानं सांगितले होते 35,000. फरक 19,400 रुपये, आणि हा सगळा त्याच्या घरातून गेला. हे आकडे त्याचे आहेत. तुमच्या गावचा लेथवाला, तुमचं घर, तुमची वही वेगळी. भागाकार मात्र करा.

तासांमध्ये हेलपाटे धरायला विसरू नका. त्याचे 68 पैकी 12 तास नुसते लेथवाला आणि पार्टच्या दुकानात गेले.

क्रम चुकला की पैसे दोनदा

ब्लॉक बोअरिंगला टाकण्याआधी पिस्टन हातात पाहिजेत. ‘‘सांगितलेत, येतील’’ चालणार नाही. लेथवाल्याला ब्लॉकबरोबर पिस्टन द्यायचे, तो प्रत्येक पिस्टन मोजून त्या सिलिंडरला गॅप ठेवून बोअर करतो आणि शेवटी होन मारतो. आधी बोअर करून बसलात आणि त्या मापाचा सेट मिळाला नाही तर एक माप फुकट गेलं. कमी मापं उरलेल्या ब्लॉकला हे परवडत नाही. आपल्या भागातल्या लेथवाल्यांकडे ट्रॅक्टरची इंजिनं जास्त येतात, त्यांचा हात तिथे बसलेला असतो. पद्मिनीचं काम देताना हवा तो गॅप कागदावर लिहून द्या, तोंडी नको.

ब्लॉक परत आला की गरम पाणी, साबण आणि ब्रशनं धुवा, नुसत्या पेट्रोलनं होनिंगची भुकटी निघत नाही. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहिलं पाहिजे. लगेच पुसून ऑइल लावा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. मग प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून, पिस्टननं सरळ ढकलून टोकांमधला गॅप बघा. ढोबळ नियम दर इंच बोअरला चार थाऊ, म्हणजे इथे अकरा थाऊच्या आसपास. पण रिंगच्या पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर पाकिटाचं ऐका. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं. ‘‘हाताला कळतं’’ म्हणणारे मला रोज भेटतात. ॲल्युमिनियमच्या हेडला ते कळत नाही.

रबराचं एक सांगायचं राहिलं. आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या उसापासून बनलेलं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के येतं. उसाला त्यानं हातभार लागतो, पण पद्मिनीच्या पेट्रोल पंपाचा पडदा, जुने होस, कार्बोरेटरचे वॉशर या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, तडकतात. बांधणीच्या भावात हे सगळं इथेनॉल चालणारं नवीन धरा. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला आतून गंज लागतो. गिऱ्हाईकाला लेखी सांगा : टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवू नका.

जॉब कार्डवर हे लिहा

इंजिन नंबर, फोटोसकट, गाडी आत घेतानाच. दुसरा ब्लॉक बसवायची वेळ आली तर नंबर बदलतो, आणि ती नोंद आरसी बुकावर व्हायला लागते. आपल्याकडे एमएच 42, बारामतीच्या कार्यालयात. मालकाची लेखी परवानगी आणि ब्लॉकचं बिल नसेल तर तसा ब्लॉक शेडमध्येही घेऊ नका. 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. तिच्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. अशी नोंदणी करायचा मालकाचा विचार असेल तर ते आधीच विचारून घ्या, नाहीतर हौसेनं काहीतरी आधुनिक बसवून मोकळे व्हाल.

मोजणीनंतर मालकाचा निर्णय पंधरा दिवसांत हवा, नाहीतर जागेचं भाडं, हेही लिहा. खोललेलं इंजिन पोत्यात आणि गाडी अंगणात, अशी वर्षभर पडलेली कामं तुम्ही सगळ्यांनी पाहिलीत. ‘‘उसाचं बिल आलं की बघू’’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण तोपर्यंत तुमची जागा अडते. अशांना उलट सांगा : बिल आलं की मोजणीला आणा.

गॅरंटीच्या ओळीत एवढंच : पहिल्या 500 किलोमीटरला गाडी परत आणायची. तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदलायचे, टॅपेट तपासायचे, गळती बघायची. याचे पैसे आजच्या बिलात. तोपर्यंत चढावर ओढाताण नाही आणि एकाच वेगानं लांब पल्ला नाही. 500 ला आणली नाही तर गॅरंटी संपली.

त्या बागायतदाराची पद्मिनी लग्नात धावली, तेही सांगतो. आणि आपल्या माणसानं ठरलेले पस्तीसच घेतले, शब्द दिला होता म्हणून. पण 500 किलोमीटरला गाडी आली तेव्हा त्यानं चोवीस आकड्यांचा कागद मालकासमोर ठेवला, स्लीव्हचं बिलही ठेवलं. मालकानं कागद दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘हे आधी का नाही दाखवलं?’’ पुढच्या महिन्यात त्याच्याच पाहुण्याची फियाट आली. या वेळी कार्डावर पहिली ओळ होती : उघडून मोजणी, 5,500, आगाऊ.