देव एका गावी, मूळ दुसऱ्या गावी

पैसे देऊन करून घेतलेली आमच्या घराण्याची वंशावळ छापून आली, तेव्हा बेळगावच्या शहापुरातलं आणि निपाणीतलं अशी आमची दोन्ही घरं हरखून गेली. मी मात्र तिसऱ्या पिढीशी अडलो. विठ्ठल रामचंद्र या एकाच माणसाच्या नावावर शहापूरचं एक खरेदीखत आणि निपाणीच्या तंबाखू वखारीची एक पावती लावली होती. दोन कागदांत ऐंशी वर्षांचं अंतर! ही दोन वेगळी माणसं होती, आजोबा आणि नातू. मधला रामचंद्र विठ्ठल आणि धाकटा विठ्ठल वंशावळीतून साफ पुसले गेले होते.

थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. त्यामुळे तीच दोन नावं आलटूनपालटून पिढ्यान्‌पिढ्या येत राहतात. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की साल आणि कागद यांच्याशिवाय एकही नाव वंशावळीत चढवू नका. घरात थोरल्याचं नाव उच्चारत नसत. त्याला अप्पा, भाऊ, बाबी म्हणत. पत्रांत तीच हाक असते आणि दस्तात खरं नाव. दोन्ही शेजारी लिहून ठेवा.

त्याहून मोठी गफलत मूळ गावाची. आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा, तेव्हा मूळ गाव कवळे, असं वंशावळ करून देणाऱ्या गृहस्थांनी ठोकून दिलं. पण ही देवी आधी साष्टीतल्या केळशीला होती. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालय आलं आणि त्या दशकात पोर्तुगीज देवळं पाडत असताना लोकांनी देव उचलून जुवारी नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. आज आपण नारळ ठेवतो ती जागा देवानं आसरा घेतलेली आहे. आपल्या पूर्वजांचं घर नदीच्या अलीकडे होतं. शोध तिकडून सुरू करावा लागतो. हे कळलं तेव्हा मला फार भरून आलं, कारण आमच्याकडे कोणी ते कधी सांगितलंच नव्हतं.

आडनावाचाही भरवसा धरू नये. दीनानाथ मंगेशकरांचे वडील अभिषेकी होते. मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव दीनानाथांनी घेतलं. एका पिढीत एवढा बदल होतो. गोव्याच्या जुन्या कागदांत पोर्तुगीज लिपिकांनी शेणवीचं सिनाय केलं, प्रभूचं पोरोबो. जे ख्रिस्ती झाले त्यांना बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळालं. त्यामुळे बेळगावच्या कॅम्पातले दोन फर्नांडिस एका रक्ताचे असतीलच असं नाही, आणि एखाद्या फर्नांडिसचे पूर्वज पोर्तुगालहून आले असं तर मुळीच समजू नये. अशा घरांनी गाव विचारावं आणि गावकरीतला, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेतला, आपला वांगड (कूळ) विचारावा. वांगडाच्या नोंदी पुरुषांच्या वारशावर चालत असल्यानं पिढ्या जुळवायला फार उपयोगी पडतात. पणजीचं पुराभिलेखागार १५९५ सालचं आहे. तिथं जायचं तर पोर्तुगीज वाचणारा माणूस सोबत हवा.

आपल्या सीमाभागात कागद एका दारी मिळत नाही. शहापूर सांगली संस्थानात होतं आणि त्याला खेटून असलेलं बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जिल्हा मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला. जुना दस्त मोडीत, नंतरचा कन्नडमध्ये. कन्नड नोंदीत पुष्कळदा आडनाव गळून आद्याक्षरं उरतात, तेव्हा वडिलांचं नाव आणि सर्व्हे नंबर यांवरून माणूस ओळखावा. मूळ मोडी कागद वाचायला म्हणून कुणाच्या हवाली करू नका, त्याची छायाप्रत द्या. निपाणी-चिकोडीकडच्या शेतकरी घरांना आणखी एक आधार आहे तो हेळव्याचा. तो दारी येऊन पिढ्या वाचतो, तेव्हा त्याला दक्षिणा देऊन लगेच वाटेला लावू नये. बसवून घ्यावं आणि तो वाचतो ते परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करावं.

आमच्या छापील वंशावळीत बायका जवळजवळ नाहीत, आणि याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. लग्नात नाव बदललं की माहेरच्या कागदातली मुलगी सासरच्या कागदात सापडत नाही. आत्या, मावशी, आजी हयात असतील तर दप्तरखान्याआधी त्यांच्याकडे जा. त्यांचं माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव आणि त्यांच्या आईचं माहेर, एवढं आजच लिहून घ्या. आमची नवी वंशावळ मी तिथूनच मांडायला घेतली आहे.