पॉप गीतांच्या चित्रफिती : पाहणारे कोण, दिसणारे कोण?

वार्षिक अंकासाठी ह्या विषयावर लेख लिहितो आहे असे सांगितले तेव्हा वर्गातील मित्र हसले. एखाद्या कवितेचे रसग्रहण, कादंबरीतील स्त्रीचित्रण, गेला बाजार एखाद्या संतकवीची सामाजिक दृष्टी, हे विषय आपल्या अंकाला शोभतात; टीव्हीवर आणि मोबाईलवर नाचणाऱ्या गाण्यांचा अभ्यास तो कसला करायचा? शंका रास्त आहे. परंतु आमच्या घरात माझ्याआधी कोणी कादंबरी वाचलेली नाही. गाणी मात्र सर्वांनी पाहिलेली आहेत. तेव्हा स्त्रीचित्रण म्हणजे काय हे आमच्या घराला कोणी शिकवले असेल तर ते ह्या गाण्यांनीच, आणि म्हणून ती तपासून पाहणे मला भाग वाटते.

मुळात हा प्रश्न माझ्या मनात पुस्तकातून आलेला नाही. माझी थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, बारावीनंतर शिकली नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे लग्न झाले. त्या वेळी मी बार्शी भागातील एका लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे सुट्टीत मदतनीस म्हणून जात असे (आजही जातो, फीचे पैसे त्यातूनच निघतात), आणि आक्काच्या लग्नात दुसरा कॅमेरा माझ्याच हाती होता. पुढे दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा लग्नाचे चार मिनिटांचे ‘हायलाइट’ आम्ही सर्वांनी मिळून पाहिले. आधी पैंजण, मग मेंदीचे हात, मग नथ, मग खाली झुकलेल्या पापण्या. आणि मग एकदम बुलेटवरून येणारे दाजी, खालून वर घेतलेले, संथ गतीत, मागे धूर. सिनेमासारखे झाले आहे, असे आई म्हणाली. आक्का थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्यापरीस माझ्या पैंजणाचंच लगीन लागल्यागत वाटतंय बघ.” सगळे हसले. मी हसलो नाही, कारण पैंजणाचा तो तुकडा मी घेतलेला होता.

तसे घ्यायला मला कोणी शिकवले? शूटिंगवाले दादा सांगत, “नवरी पायापासून घ्यायची, नवरदेव चेहऱ्यापासून.” त्यांना ते कोणी शिकवले हे त्यांनाही सांगता आले नसते. ह्याच प्रश्नाचा माग काढीत मी गाण्यांच्या चित्रफितींपर्यंत येऊन पोहोचलो.

ह्या बाबतीत विचारवंतांनी काय म्हटले आहे ते थोडक्यात सांगतो. इंग्रज समीक्षक जॉन बर्जर ह्यांनी १९७२ साली ‘वेज ऑफ सीईंग’ ह्या मालिकेत आणि त्याच नावाच्या पुस्तकात युरोपीय चित्रकलेबद्दल असे दाखवून दिले, की तेथे पाहणारा पुरुष गृहीत धरलेला असतो आणि चित्रातील स्त्रीला आपण पाहिले जात आहोत ह्याची जाणीव असते. १९७५ साली लॉरा मल्व्ही ह्यांचा एक निबंध ‘स्क्रीन’ ह्या नियतकालिकात आला. चित्रपटात कॅमेऱ्याची, पात्रांची आणि प्रेक्षकांची अशा तीन नजरा असतात आणि हॉलीवूडच्या चित्रपटांत ह्या तिन्ही मिळून पुरुषाची एकच नजर होते, असे त्यांचे म्हणणे. स्त्रीच्या शरीराचा एखादाच भाग पडदाभर दाखवला की कथेचा ओघ तेवढ्यापुरता थांबतो, हे त्यांचे निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. चित्रपटात थांबायला निदान कथा तरी असते. तीन-चार मिनिटांच्या गाण्यात बहुधा तीही नसते. म्हणजे जे चित्रपटात मधूनच होते ते येथे सगळा वेळच होते.

अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाली. तेथील चित्रफितींतील स्त्रियांवर सट झॅली ह्या प्राध्यापकांनी १९९० साली ‘ड्रीमवर्ल्ड्स’ नावाचा माहितीपट केला. त्यांची युक्ती साधी होती. दृश्ये तीच ठेवली, गाणी मात्र काढून टाकली आणि त्या जागी स्वतःचे विवेचन घातले. ताल गेला की दृश्य उघडे पडते. ही युक्ती मी माझ्या मोबाईलवर करून पाहिली. आवाज बंद करायचा, आणि प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारायचा : ह्या वेळी मी कोणाच्या डोळ्यांतून पाहतो आहे? वाचकांनीही घरी हा प्रयोग अवश्य करावा. त्याला खर्च काही नाही.

आपल्याकडे चॅनल व्ही १९९४ साली आणि एमटीव्हीची भारतीय वाहिनी १९९६ साली आली. ह्याच सुमारास, १९९५ मध्ये, अलिशा चिनॉय ह्यांचे ‘मेड इन इंडिया’ गाजले. संगीत बिड्डू ह्यांचे, दिग्दर्शन केन घोष ह्यांचे. मी तेव्हा जन्मलेलोही नव्हतो; परंतु हे गाणे आमच्या पिढीलाही माहीत आहे. गायिका येथे राणीच्या थाटात आहे, तिला जोडीदार हवा आहे आणि पसंत-नापसंत करणारी ती आहे. अखेर पेटीतून मिलिंद सोमण बाहेर येतो, उघड्या अंगाने. आवाज बंद करून पाहिले तेव्हा मला त्यातील खरी गंमत कळली. ती वेशात किंवा सिंहासनात नसून जोडणीत आहे. आधी तिचा चेहरा, मग ती जे पाहते ते, मग पुन्हा तिचा चेहरा, असा क्रम लागला की प्रेक्षक आपोआप तिच्या बाजूला जाऊन बसतो. चित्रफितीच्या व्याकरणात कर्ता असा ठरतो. शूटिंगच्या भाषेत सांगायचे तर ‘पाहणाऱ्याचा शॉट’ ज्याचा, गोष्ट त्याची. आक्काच्या हायलाइटमध्ये असा एकही शॉट नाही. ती कोणाकडे तरी पाहते आहे आणि मग आपण तो कोणी पाहतो, असे चार मिनिटांत कोठेच घडत नाही.

अर्थात ‘मेड इन इंडिया’ म्हणजे स्त्रीमुक्ती असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. पेटीतून निघालेला पुरुष हा शेवटी मालच आहे. बाजार तोच राहिला, गिऱ्हाईक तेवढे बदलले. शिवाय राणी होण्याची सोय किती जणींना असते, हा प्रश्न आहेच. तरीही कॅमेरा स्त्रीच्या डोळ्यांजवळ ठेवता येतो, आणि तसा ठेवूनही गाणे देशभर चालते, एवढे त्यातून सिद्ध होते.

दुसरे उदाहरण २००२ सालचे, ‘कांटा लगा’चे रिमिक्स. मूळ गाणे १९७२ च्या ‘समाधी’ चित्रपटातील, लता मंगेशकरांनी गायिलेले आणि राहुल देव बर्मन ह्यांनी संगीत दिलेले. नव्या चित्रफितीत शेफाली जरीवाला होती. तेव्हा ती अभियांत्रिकीची विद्यार्थिनी होती. ही चित्रफीत मी पुष्कळ वेळा पाहिली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरुवातीला अभ्यासासाठी नव्हे. तिच्यात एक विसंगती आहे. तिच्या हातात प्रौढांचे मासिक आहे. म्हणजे गोष्टीत ती पाहणारी आहे, धीट आहे, कोणाला भीत नाही. परंतु कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या मागे उभा राहत नाही. तो तिच्या कमरेशी घोटाळतो. तालाच्या ठोक्याला तुकडा बदलतो आणि प्रत्येक ठोक्याला शरीराचा निराळा भाग येतो. गोष्टीने तिला जे दिले ते कॅमेऱ्याने काढून घेतले, असे माझे मत आहे. आणि ह्या चित्रफितीच्या दोन दिग्दर्शकांपैकी, राधिका राव आणि विनय सप्रू ह्यांच्यापैकी, एक स्त्री आहे! तेव्हा ‘पुरुषी नजर’ म्हणजे पुरुषाने कॅमेरा धरणे नव्हे. ती एक सवय आहे, हाताला लागलेली, आणि ती कोणाच्याही हाताला लागते.

आमच्या वर्गातील एका मैत्रिणीने ह्यावर आक्षेप घेतला. ती म्हणाली, “तुम्ही पोरं आधी बघता आणि मग त्याच्यावर लेख लिहिता. तिला नाचायचं होतं, ती नाचली. तिच्या कपड्यांवर बोलू नकोस.” हा आक्षेप मला पटतो. म्हणूनच मी कपड्यांबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. आक्का तर नखशिखांत शालूत होती. तरीही तिचे तुकडेच झाले. प्रश्न किती अंग झाकले ह्याचा नसून, त्या अंगाला चेहरा आणि चेहऱ्याला नजर दिली की नाही, ह्याचा आहे. शेफालीने नंतर इतरही कामे केली. पण जून २०२५ मध्ये तिचे निधन झाले तेव्हा बातम्यांच्या मथळ्यांत ती ‘कांटा लगा गर्ल’च होती. काही मिनिटांच्या चित्रफितीने तेवीस वर्षे तिच्या नावाची जागा घेतली.

तिसरी चित्रफीत आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिली असेल. ‘मन के मंजीरे’ हे गाणे ह्या शतकाच्या आरंभी ‘ब्रेकथ्रू’ ह्या संस्थेने काढले. स्वर शुभा मुद्गल ह्यांचा, शब्द प्रसून जोशी ह्यांचे, संगीत शंतनू मोइत्रा ह्यांचे. त्यात मीता वशिष्ठ ट्रक चालवतात. सासरचा छळ सोडून चालक झालेल्या गुजरातमधील एका खऱ्या स्त्रीच्या आयुष्यावर ती आधारलेली आहे. ट्रक चालवणाऱ्या माणसाला समोर पाहावेच लागते, हे लक्षात घ्यावे. पापण्या झुकवून ट्रक चालत नाही. त्यामुळे येथे स्त्रीच्या चेहऱ्यानंतर रस्ता येतो आणि रस्त्यानंतर पुन्हा तिचा चेहरा. हात दिसतात ते चाकावर काम करताना, म्हणजे तो तुकडा असला तरी निर्जीव होत नाही. क्लोज-अप हा स्वतः वाईट नसतो, हे मला येथे समजले. हातांचा क्लोज-अप मेंदीसाठी घेतला की त्याची वस्तू होते, चाकावर घेतला की त्याचे कर्तृत्व होते.

ह्या उन्हाळ्यात दादांबरोबर पुन्हा लग्नांना गेलो. एका लग्नात नवरदेव मांडवाच्या दाराशी येत होता आणि सगळे कॅमेरे त्याच्याकडे धावले. नवरी खोलीच्या खिडकीशी उभी राहून बाहेर पाहत होती, करवलीला काहीतरी सांगून हसत होती. मी आत जाऊन विचारले, “ताई, घेऊ का?” ती म्हणाली, “घ्या की, पण माझं दात दिसत्यात.” मी तिचा चेहरा घेतला, मग तिच्या खांद्यावरून खिडकीबाहेरचा नवरदेव, मग पुन्हा तिचा चेहरा. सगळे मिळून सहा-सात सेकंद.

जोडणीच्या वेळी दादांनी विचारले, “हे काय घेतलंयस? धूर कुठाय?” मी शक्य तेवढे समजावले, बर्जर आणि मल्व्ही ह्यांची नावे मात्र घेतली नाहीत. त्यांनी पुढचे-मागचे कापले आणि शेवटचा, तिच्या हसण्याचा, दोन सेकंदांचा तुकडा ठेवला. फोकस बरा होता म्हणाले. पहिला शॉट अजून पैंजणाचाच आहे. त्याबद्दल पुढच्या सुट्टीत त्यांच्याशी बोलायचे आहे.