चिल्का झालं, आता पुढची शाळा

सख्यांनो, गावातलं लेकरू नौदलात अग्निवीर झालं, की ओडिशातल्या आयएनएस चिल्काचा त्याचा वर्दीतला फोटो गावभर फिरतो. मार्च २०२३ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. पण शिक्षण तिथं संपत नाही. पुढं ज्याच्या-त्याच्या कामाची शाळा असते: इंजिनाची लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, विजेची जामनगरला आयएनएस वालसुरात. तिथं अभ्यास आणि परीक्षा असतात. अशा वेळी घरच्यांनी काय करायचं?

१. फोन आला नाही म्हणून घाबरू नका. आला की घरातली भांडणं सांगत बसू नका.

२. “आई, करमत नाही, परत येते” म्हणाली, तर लगेच “ये” म्हणू नका. आधी सगळं ऐकून घ्या. मग विचारा, “उद्या पेपर कशाचा?”

३. तिच्या पगाराच्या भरवशावर कर्ज काढू नका. पहिल्या वर्षी ३०,००० पैकी ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,००० येतात. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणच कायम होतात.

बैठकीत बोला: लेकीच्या पहिल्या पगारातून घरानं किती मागावं?