हट्टी बेअरिंग आणि योग्य हत्यार

बोरगाव म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे निपाणीजवळचे बोरगाव उभे राहील. येथे अभिप्रेत असलेले बोरगाव मात्र मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यात, नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि हा तालुका त्यात गेला. मुलूख मराठी बोलणारा, बागा संत्र्यांच्या. बोरगावला औद्योगिक वसाहत असून रेमंडची कापड गिरणी तेथे १९९१ साली सुरू झाली. गिरणीतील यंत्र असो वा संत्री वाहणारा टेम्पो, त्याचे फिरणे बेअरिंगवर अवलंबून असते. अशा ठिकाणी गाडीदुरुस्ती शिकू लागलेल्या मुलापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो : जुने बेअरिंग हलतच नसेल तर काय करावे? पुष्कळदा उत्तर मिळते, ‘हाण हातोडा!’ हे उत्तर चुकीचे का, ते प्रस्तुत लेखात पाहू.

बेअरिंग घट्ट का बसते?

बेअरिंगला दोन कडी असतात, आतले व बाहेरचे. कारागीर त्यांना ‘रेस’ म्हणतात. दोहोंमध्ये गोळ्या किंवा रोलर असतात. ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग घ्या. शेवटच्या दोन आकड्यांना, म्हणजे ०५ ला, ५ ने गुणले की भोकाचे माप मिळते : २५ मिलिमीटर. ज्या आसावर ते दाबून बसवायचे तो या भोकाहून मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांनी जाड ठेवतात. हा फरक केसाच्या जाडीहूनही कमी. पण तेवढ्याने पोलादी कडे आसाला आवळून धरते. त्यात पावसापाण्याचा गंज चढला की बेअरिंग ‘हट्टी’ होते.

म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी : अडकवणारी सर्कलिप किंवा नट काढला आहे काय? पुष्कळ मोटारींच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग सर्कलिपने रोखलेले असते. ती मातीखाली दडलेली असते, आणि ती जागेवर असेपर्यंत कितीही जोर लावला तरी नुकसानच होणार.

मुख्य नियम

नियम एकच आहे : जे कडे घट्ट बसले आहे, त्याच कड्यावर जोर द्यावा. बेअरिंग आसावर घट्ट असेल तर आतल्या कड्याला ओढावे. घरात घट्ट असेल तर बाहेरच्या कड्याला ढकलावे. उलट केल्यास सगळा जोर गोळ्यांमधून जातो. गोळी कड्याला फार थोड्या जागेत टेकते. तेवढ्याशा जागेवर टनाचा भार आला की कड्यात खळगे पडतात. असे बेअरिंग पुन्हा बसवले तर घरघरते आणि लवकर निकामी होते.

हातोड्याचा दोष हा की त्याचा घाव एका बाजूला बसतो. कडे तिरपे होते आणि आसाला ओरखडे पाडते. ओरखडलेल्या आसावर नवे बेअरिंग नीट पकड घेत नाही. आतले कडेच आसावर फिरू लागते, तापते, आणि भरल्या गाडीचे चाक रस्त्यात जाम होऊ शकते. काही शे रुपयांच्या बेअरिंगपायी महागडा आस जातो तो असा. शिवाय बेअरिंगचे पोलाद काचेसारखे कडक असते. त्यावर पोलादी हातोडा मारला तर कपची उडते आणि डोळा जातो.

कोणते हत्यार कोठे?

आसावरील बेअरिंगसाठी दोन किंवा तीन पायांचा पुलर वापरावा. त्याची शक्ती स्क्रूत आहे. आटे दीड मिलिमीटरचे व पान्याचा दांडा २०० मिलिमीटरचा असेल, तर हिशेबाने जोर आठशे पटींहून अधिक होतो. त्यातला बराचसा घर्षणात जातो. तरीही हाताच्या १५ किलोंच्या जोरातून टनाहून अधिक ओढ मिळते, आणि ती सरळ रेषेत मिळते.

कड्यामागे पुलरचे पाय शिरत नसतील, तर दोन अर्धगोल तुकड्यांचा सेपरेटर कड्याखाली आवळून मग पुलर लावावा. हबमधील बेअरिंग हायड्रॉलिक प्रेसवर, कड्याच्या मापाची नळी ठेवून काढावे. जुन्या मोटारींच्या हबमधील रोलर बेअरिंगचे बाहेरचे कडे पितळी पंचाने समोरासमोर आळीपाळीने ठोकून काढतात. पितळ मऊ असल्याने कपची उडण्याचा धोका कमी असतो.

तेल आणि उष्णता

गंज असेल तर पातळ भेदक तेल सोडून रात्रभर थांबावे. नंतर उष्णतेची मदत घ्यावी. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ५२ मिलिमीटर भोकाचे अॅल्युमिनियमचे घर १०० अंशांनी तापवले तर भोक सुमारे ०.१२ मिलिमीटरने मोठे होते. आतले पोलादी कडे तेवढेच तापले तरी निम्मेच वाढते. एवढ्या फरकाने बेअरिंग सैल होते. परंतु गॅसची ज्योत सरळ बेअरिंगवर धरू नये. सुमारे १२० अंशांपलीकडे बेअरिंग निकामी होण्याचा संभव असतो, आणि काही सील जळल्यास विषारी वायू निघतो.

शेवटचा उपाय म्हणजे आसावर उरलेल्या आतल्या कड्यावर ग्राइंडरने तिरपी खाच पाडणे. आसाला न शिवता थोडी जाडी राखावी आणि खाचेत छिन्नी ठेवून एक बेताचा घाव द्यावा. कडे तडकते आणि पकड सुटते. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि कपचीच्या टप्प्यात दुसरे कोणी उभे नसावे.

सारांश, बेअरिंग अंगातल्या बळाने निघत नाही. बळ योग्य जागी पोचले की निघते. पुलर विकत घेणे जड जात असेल तर दोन-तीन गॅरेजांनी मिळून घ्यावा. एक आस किंवा एक डोळा वाचला तरी त्याची किंमत वसूल झाली म्हणावी.