बंदुकीच्या दारूची साक्ष

दसऱ्याच्या रात्रीं तासगांव तालुक्यांतील कवठे एकंद येथें शोभेच्या दारूची आतषबाजी होते, ती तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. दुसऱ्या दिवशीं तेथील एखाद्या दारूकाम करणाऱ्यावर बंदूक झाडल्याचा आळ आला, तर त्याचे हात काय साक्ष देतील?

इ. स. १९३३ च्या सुमारास मेक्सिकोंतून एक कसोटी जगापुढें आली. संशयिताच्या हातावर वितळविलेलें मेण ओतावयाचें, निवल्यावर तें सोलून काढावयाचें, व आंतील बाजूवर तीव्र गंधकाम्लांत विरघळविलेलें डायफेनिलअमाइन टाकावयाचें. निळे ठिपके उठले कीं यानें बंदूक चालविली, असें मानीत. वस्तुतः तो रंग नायट्रेटामुळें येतो. आणि नायट्रेट सोऱ्यांत आहे, उसाच्या खतांत आहे, तंबाखूंतही आहे. म्हणजे कृष्णाकांठचा निरपराध शेतकरीसुद्धां या कसोटीनें गुन्हेगार ठरावयाचा! असल्या परीक्षेवर कोणास फांशीच्या वाटेस लावणें मला तरी भयंकर वाटतें. १९६४ सालीं इंटरपोलच्या परिषदेंत ती अविश्वसनीय ठरली.

तत्पूर्वीं १९५९ सालीं हॅरिसन व गिलरॉय या संशोधकांनीं दारू सोडून काडतुसाच्या टोपीकडे लक्ष दिलें. टोपींत सामान्यतः शिसें, बेरियम व अँटिमनी यांचीं संयुगें असतात. घोडा पडतांच तीं पेटून वाफ होतात, आणि ती वाफ थिजून बनलेले सूक्ष्म गोल कण हातावर व बाहीवर बसतात. आज हे कण चिकट ठशानें उचलून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. त्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यें ओळखतां येतात. शोभेच्या दारूंतही बेरियम असतें, कधीं अँटिमनीही. परंतु तिन्ही मूलद्रव्यें एकाच गोल कणांत सांपडणें ही निराळी गोष्ट. आपला कवठ्याचा मनुष्य बहुधा येथेंच सुटतो.

मात्र हे कण अल्पायुषी. हात धुतले, खिशांत घातले, कीं झडतात. कामांत असलेल्या हातावर कांहीं तासच टिकतात. साताऱ्यास जन्मलेले व सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयांत शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत गोळ्या घालून खून झाला. गोळ्या झाडल्याबद्दल पुढें दोषी ठरलेले दोघे हातीं लागले ते २०१८ सालीं. पांच वर्षांनीं हातावर काय उरणार? १० मे २०२४ रोजीं त्यांना जन्मठेप झाली. तेथें प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीच महत्त्वाच्या ठरल्या.

शिवाय कण सांपडला म्हणून त्या मनुष्यानेंच बंदूक झाडली, असेंही होत नाहीं. जवळ उभ्या असलेल्याच्या, किंवा सशस्त्र शिपायानें धरून नेलेल्याच्या हातावरही तो येऊं शकतो. यास्तव ठसे घेणाऱ्यानें त्या दिवशीं शस्त्र हाताळलेलें नसावें, आणि संशयितास पोलिसांच्या गाडींत बसविण्यापूर्वींच ठसे घ्यावे.