तपासणीनंतरचा रस्ता: लॅटिना स्त्रिया आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

अमेरिकेतील लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण तेथील बिगर-हिस्पॅनिक गोऱ्या स्त्रियांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक असून, मेक्सिकोच्या सीमेलगत टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यात ही तफावत विशेष जाणवते. तिचे मूळ वंशात शोधण्याचे कारण नाही. हा आजार शरीरसंबंधातून पसरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे, अर्थात एचपीव्हीमुळे, होतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो, मात्र १६ व १८ क्रमांकांसारखे त्याचे घातक प्रकार ठाण मांडून बसले, तर पेशींत विकृती येऊ लागते आणि तिचा कर्करोग होण्यास साधारणतः दहा ते वीस वर्षे जातात.

एवढा अवधी देणारे कर्करोग थोडेच. वयाच्या २१ ते २९ वर्षांपर्यंत दर तीन वर्षांनी पॅप चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखावरून ब्रशने घेतलेल्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील पाहणी, आणि ३० ते ६५ या वयात तीच चाचणी किंवा दर पाच वर्षांनी एचपीव्ही चाचणी, असा तेथील प्रचलित क्रम आहे. परंतु चाचणीने केवळ शंका उपस्थित होते. तिचे निरसन कॉल्पोस्कोपीने करावे लागते, ज्यात गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावले असता विकृत भाग पांढरट दिसू लागतो आणि त्याचा लहानसा तुकडा तपासणीस पाठवता येतो. विमा नसलेली, रोजंदारी बुडवून दूरच्या दवाखान्यात जाणारी स्त्री नेमकी याच टप्प्यावर गळते, आणि मग लाजेला किंवा दैववादाला दोष देणे व्यवस्थेला सोयीचे पडते. संकोच असतोच, विशेषतः स्वतःच्या मुलालाच दुभाषी म्हणून बसवावे लागते तेव्हा. म्हणून स्वतंत्र दुभाष्याची मागणी निःसंकोचपणे करावी.

योनीतून स्वतःच नमुना घेण्याच्या पद्धतीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये, प्रारंभी आरोग्य केंद्रांपुरती, मान्यता दिल्याने संकोचाचा हा अडसर काहीसा हलका झाला आहे. विमा नसल्यास १९९१ पासून चालू असलेल्या, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमाची चौकशी करावी. प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीतल्या प्रशिक्षित आरोग्यसेविका, ही वाट दाखवतात. चाचणीत विकृती आढळल्यास पुढची भेट कोठे व किती खर्चात, हेही त्यांना आधीच विचारून ठेवणे शहाणपणाचे.

मुलामुलींना ११–१२ व्या वर्षी एचपीव्हीची लस द्यावी. पंधरावे वर्ष लागण्यापूर्वी सुरुवात केल्यास सामान्यतः दोन मात्रा पुरतात. लस घेतलेल्या स्त्रीलाही तपासणी चुकत नाही. शरीरसंबंधानंतर अथवा पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव झाला, तर मात्र चाचणीच्या ठरल्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठावा, मागचा अहवाल कितीही निर्दोष असो.