तीन दगड, बंब आणि रॉकेट चूल

समजा तुमच्या शाळेचे शिबिर एखाद्या गडाच्या पायथ्याशी उतरले आहे. तीस मुले आहेत आणि सकाळी चहासाठी व पिण्यासाठी मिळून दहा लिटर पाणी उकळायचे आहे. गॅसचा सिलिंडर बरोबर नाही, भोवताली वाळक्या काटक्या मात्र पुष्कळ पडल्या आहेत. किती सरपण गोळा कराल? बहुतेक जण म्हणतील, "आणू या एक मोळी!" पण हा प्रश्न अंदाजाने सोडवण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तकातला उष्णतेचा धडा त्याला पुरेसा आहे.

१ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढवण्यास १ कॅलरी उष्णता लागते. पाणी २५ अंशांवर असेल, तर १ लिटर पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास ७५ किलोकॅलरी, म्हणजे १० लिटरला ७५० किलोकॅलरी लागतील. हवेत चांगले वाळलेले लाकूड जळताना दर ग्रॅममागे सुमारे ३.५ किलोकॅलरी उष्णता देते. भागाकार करून पाहा. उत्तर येते सुमारे २१५ ग्रॅम. मूठ-दोन मुठी काटक्या! प्रत्यक्षात मात्र उघड्यावर तीन दगड मांडून पाणी तापवले, तर दीड-दोन किलो लाकूड सहज जळते. शंभरातले दहा-पंधरा भाग पाण्याला मिळाले आणि उरलेले वाऱ्यावर गेले. चुलीचा कोणताही प्रकार घ्या, हे गेलेले भाग तो कसे अडवतो एवढेच त्यात पाहायचे असते.

त्यासाठी आधी लाकूड जळते कसे ते समजून घेऊ. ज्योत लाकडातून निघताना दिसते, पण जळत असतात ते वायू. लाकूड तापले की त्याचे विघटन होऊन ज्वलनशील वायू व बाष्पे बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असा वायुरूपाने निघून जातो आणि मागे कोळसा राहतो. या वायूंना प्राणवायू मिळाला आणि जागा पुरेशी तप्त असली, तर ते पूर्ण जळतात. पण जळून होण्याआधीच ते भांड्याच्या गार बुडाला भिडले, किंवा वाऱ्याच्या झोताने थंड झाले, की त्यांची काजळी आणि धूर होतो. डोळ्यांना झोंबणारा तो धूर म्हणजे तुम्ही वाहून आणलेले, पण न जळलेले सरपणच होय.

ओल्या लाकडाचेही असेच. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. ते पाणी उडवून लावण्यात उष्णता जाते हे खरे, पण हिशेब केला तर हा तोटा लाकडातल्या एकूण उष्णतेच्या सातव्या हिश्शाच्या आसपास भरतो. खरे नुकसान वेगळेच आहे. वाफेमुळे जाळाचे तापमान उतरते, वायू नीट पेटत नाहीत, आणि पुन्हा धूर. म्हणून पावसाळी सहलीत जाड ओंडक्यापेक्षा अंगठ्याएवढ्या फांद्यांचे, साल काढलेले तुकडे बरे. बाभळीचे सरपण चांगले आणि सावरीचे वाईट असे म्हणतात. वजनाला वजन घेतले तर दोन्हींची उष्णता जवळपास सारखीच असते. मात्र बाभूळ घट्ट असल्याने थोड्या जागेत जास्त मावते आणि तिचे निखारे टिकतात. कण्हेरीच्या काटक्या मात्र चुलीजवळही आणू नका. ते झाड विषारी आहे आणि त्याचा धूरही अपायकारक असतो.

आता साधने पाहू. तीन दगडांच्या चुलीला नावे ठेवण्याची पद्धत आहे, पण तिच्यासाठी पाठीवर काहीच ओझे वाहावे लागत नाही. शिवाय भाकरी करायची असेल, तर तिच्यासारखी दुसरी चूल नाही. पसरट जाळावर तवा तापतो आणि पुढे ओढलेल्या निखाऱ्यांशी भाकरी उभी केली की ती टम्म फुगते. पुढे वर्णन केलेल्या कोणत्याही सुधारित साधनाला हे नीट जमत नाही. तिची उधळपट्टी कमी करायची असेल, तर वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, भांड्याचे बूड जाळाच्या टोकाशी येईल असे ठेवा आणि झाकण विसरू नका. पाण्याची वाफ होताना दर ग्रॅमला ५४० कॅलरी लागतात. दहा लिटरपैकी दीड लिटर पाणी उघड्या पातेल्यातून उडून गेले, तर सगळे पाणी तापवायला लागली त्याहून अधिक उष्णता नुसती वाफेबरोबर गेली असे समजा. आणि एक सूचना: चुलीचे दगड नदीच्या पात्रातून उचलू नयेत. त्यांच्या पोकळ्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो आणि कपच्या उडतात.

नुसते पाणीच तापवायचे असेल, तर आपल्या आजी-आजोबांचा बंब आठवा. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांनी असे तांब्याचे बंब पिढ्यान्‌पिढ्या ठोकून तयार केले. बंबाच्या मध्यातून एक उभी नळी जाते. तिच्या तळाशी जाळी असते, नळीत ढलप्या, करवंट्या, गोवऱ्या जळतात आणि पाणी असते नळीच्या सभोवती. यातली खुबी गणिताने पटेल. २० सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्याचे बूड सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर असते. उलट १० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ५० सेंटिमीटर उंचीच्या नळीचा पृष्ठभाग होतो १५७० चौरस सेंटिमीटर. पाचपट! शिवाय जाळ चहूबाजूंनी पाण्यानेच वेढलेला, त्यामुळे त्याची उष्णता बाहेर जाताना पाण्यातूनच जाते. वर धुराड्यासारखी ओढ निर्माण होऊन खालून ताजी हवा येते ती वेगळीच.

हीच युक्ती जगात अनेकांना सुचली आहे. रशियातल्या तूला शहरात अठराव्या शतकात समोवार तयार होऊ लागले. काश्मिरी घरांतला समोवार त्याच जातीचा. आयर्लंडच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मासेमार अशीच पोकळ पोटाची किटली वापरत आले आहेत. न्यूझीलंडच्या जॉन ॲशली हार्ट यांनी १९२९ साली 'थर्मेट' नावाची तशीच किटली केली, आणि दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात न्यूझीलंडचे सैनिक तिच्यावर चहा करत. वाऱ्यावर साधी चूल विझू पाहते, तर ही किटली वाऱ्याने उलट जास्त जोर धरते. डोंगरमाथ्यावर दोघा-चौघांच्या चहासाठी हिच्यासारखे साधन नाही. खिचडीला मात्र ती निरुपयोगी!

या साधनांचे धोकेही लक्षात ठेवा. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० पट होते, म्हणून किटलीचे बूच जाळ पेटवण्यापूर्वी काढलेच पाहिजे. रिकामा बंब किंवा किटली पेटवली, तर डाख वितळून सांधे सुटतात. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे बंद न्हाणीघरात किंवा तंबूत जाळ ठेवणे. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते आणि तो उठतच नाही. थंडी कितीही असो, बंब अंगणातच हवा.

शिबिराच्या खिचडीसाठी रॉकेट चूल पाहा. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात तिची तत्त्वे बसवली. आपल्याकडेही चूल सुधारण्याची खटपट जुनी आहे. वर्ध्याची मगन चूल १९४७ सालची आहे आणि १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. रॉकेट चूल तुम्हाला तेलाच्या रिकाम्या चौकोनी डब्यात करता येईल. १० सेंटिमीटर रुंदीच्या पत्र्याच्या नळीचा इंग्रजी 'एल'सारखा कोपर करा. आडव्या तोंडातून काटक्या सरकवायच्या, उभ्या भागातून जाळ वर जातो. उभा भाग तोंडाच्या रुंदीच्या अडीच-तीन पट उंच असावा, म्हणजे वायूंना भांड्याला भिडण्यापूर्वी जळून घ्यायला वेळ मिळतो. काटक्यांखाली पत्र्याची पट्टी ठेवून त्यांच्या खालून हवेला वाट द्या.

नळी आणि डबा यांच्यामधल्या जागेत काय भरावे? पुष्कळ जण म्हणतील, माती. येथेच थांबा. माती व वाळू जड असतात. त्या उष्णता अडवण्याऐवजी स्वतःच पिऊन टाकतात, आणि नळी तापेपर्यंत अर्धे सरपण संपते. लाकडाची कोरडी राख भरा. तिच्या कणांत अडकलेली हवा हे चांगले उष्णतारोधक आहे. ज्या चुलीतून राख निघाली तीच नव्या चुलीला उपयोगी पडते, ही मोठी गमतीची गोष्ट.

पाणी निर्जंतुक करायला किती उकळावे, याविषयीही गैरसमज आहेत. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. वीस मिनिटे उकळणे म्हणजे सरपणाची नासाडी. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. पिण्याच्या पाण्याला त्याने बाधा येत नाही, पण तुरीची डाळ शिजायला फार वेळ घेते. वर डाळ शिजवायचीच असेल, तर लहान कुकर न्यावा. वनखात्याच्या परवानगीवाचून राखीव जंगलात जाळ पेटवू नका आणि निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून राख हाताला गार लागते ना, ते पाहा.

शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेच्या मैदानात एक प्रयोग करता येईल. दोन गट करा, दोन सारखी पातेली, प्रत्येकात २ लिटर पाणी, झाकणे आणि दोन थर्मामीटर घ्या. एक गट तीन दगडांवर, दुसरा रॉकेट चुलीवर. दोघांनी १ किलो सरपण तोलून घ्यायचे आणि पाणी उकळताच जाळ विझवून उरलेले लाकूड व कोळसा वेगवेगळे तोलायचे. पाण्याने विझवाल तर वजन चुकेल, म्हणून वाळू वापरा आणि तोलण्यापूर्वी ती झाडून टाका. कोळसा दर ग्रॅमला सुमारे ७ किलोकॅलरी देतो, तेव्हा शिल्लक कोळशाचे वजन दुप्पट करून ते लाकूड वाचले असे धरा. जळालेल्या लाकडाच्या ग्रॅमला ३.५ ने गुणा आणि पाण्याला मिळालेल्या उष्णतेला त्याने भागा. हाच प्रयोग वारा नसलेल्या सकाळी आणि वाऱ्याच्या दुपारी, असा दोनदा करा. तीन दगडांचा आकडा दोन्ही वेळी किती बदलतो आणि रॉकेट चुलीचा किती, ते वहीत शेजारी-शेजारी लिहा.